रामदास कोठारेचं महाराष्ट्रिन

मंगळवार, ९ जुलै १९५७. सकाळी उघडीप. आरेच्या दुधाच्या एका बाटलीचं झाकण सैल. केंद्रावरच्या मुलीला दाखवलं, तिने खांदे उडवले. धोब्याने उशीचा एक अभ्रा कमी आणला. भाजीवालीला नव्या पैशांचा हिशेब अजून येत नाही, मलाही नाही. रामदास भर दुपारी घरी आला. चहा घेताना म्हणाला, मावशी, मला औषध सापडलं. कशावर, विचारलं. नायट्यावर, म्हणाला. रात्री जेवला नाही. बोंबील उरले.

बकुळाबाई तळपदे यांनी रोजनिशीत त्या दिवसाबद्दल एवढंच लिहिलं. त्याहून जास्त लिहिण्यासारखं काही घडलंय असं त्यांना वाटलं नाही, आणि पुढे ज्यांना तसं वाटलं त्यांच्याविषयी त्यांचं मत फारसं चांगलं राहिलं नाही.

रामदास कोठारे त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. आईबाप लवकर गेले, तेव्हापासून तो शिवाजी पार्कजवळच्या त्यांच्या घरात मागच्या खोलीत राहायचा. वय अडतीस, लग्न नाही, कपाळ दरवर्षी थोडं थोडं वर सरकणारं. मुलगा हुशार होता, यात वाद नव्हता. पण हुशारी ही बकुळाबाईंच्या लेखी विहिरीसारखी. पाणी किती आहे ते शेंदल्यावर कळतं, आणि रामदासच्या बाबतीत बहुधा नुसता दोरच हाती येई. जंतूंचा अभ्यास करायला तो शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेला आणि डॉक्टर होऊन आला. लोक विलायतेहून मडम आणतात, घड्याळ आणतात, गेलाबाजार ओव्हरकोट तरी आणतात. रामदासने भुशात बांधलेल्या फ्लास्कांची पेटी आणली. जर्मन काच. प्रत्येक फ्लास्कच्या बुडाशी त्याच्या नावाची इंग्रजी अक्षरं कोरून घेतलेली. ही काच कितीही तापवा, तडकत नाही, असं तो आल्या आल्या दारातच सांगू लागला. त्या पेटीसाठी त्याने कस्टमच्या लोकांशी अख्खा दिवस हुज्जत घातली होती. मावशीसाठी घेतलेली शाल मात्र बोटीवर राहिली.

तो डॉक्टर म्हणजे नेमका काय, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना कधीच उमगलं नाही. जिन्यात कोणी जीभ काढून दाखवी, कोणी पोराचा ठणकता कान पुढे करी. मी त्यातला डॉक्टर नाही, असं तो म्हणे. मग कशातला? जंतूंचा, म्हटलं की विचारणारा दोन पायऱ्या मागे सरे.

नोकरी परळला होती, एका गिरणीवाल्या शेटजींच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळेत. बाहेर संगमरवरी पाटी आणि आत छताखाली पावसाच्या धारांसाठी ठेवलेल्या बादल्या. विलायती मासिकं बोटीने येत, ती आधी डायरेक्टर डॉ. मानकर घरी नेत, मग त्यांच्या हाताखालचे नेत, आणि रामदासच्या टेबलावर येईपर्यंत त्यातल्या नव्या शोधाला दुसऱ्या कोणीतरी खोटं पाडलेलं असे. वजनाचा काटा बिघडला तर सुटा भाग परदेशातून, त्याला परवाना, परवान्याला दिल्लीचा शिक्का. तोवर सगळं अंदाजपंचे. दिवसभर माणूस काचेच्या बशीत मातीचं पाणी पसरी आणि त्यावर काय उगवतं ते बघत बसे. बकुळाबाईंना हे काम हास्यास्पद वाटत नसे. बी पेरून वाट बघणारा शेतकरीही हेच करतो. हास्यास्पद होती ती कामाभोवतीची माणसं. कोणी कोणाच्या निबंधाच्या शेवटी आभारात नाव घातलं नाही म्हणून दोन दोन वर्षं एका व्हरांड्यात न बोलता वावरणारे प्रौढ पुरुष. त्यांच्या मानाने नळावरच्या बायका समंजस म्हणायच्या. त्या निदान भांडून मोकळ्या होतात.

तेव्हा सगळ्या जगानेच माती उकरायला घेतली होती. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन अमेरिकेत मातीतल्याच एका सूक्ष्म जीवापासून निघालं, त्यामागून टायफॉइडवरचं निघालं, आणि मग औषधकंपन्यांनी खलाशांना, पाद्र्यांना, प्रवाशांना पाकिटं वाटली म्हणे, की जाल तिथली चमचाभर माती धाडा. रामदासने ठरवलं, आपणही मागे राहायचं नाही. शिवाजी पार्कवर संयुक्त महाराष्ट्र समितीची सभा झाली की दुसऱ्या दिवशी पहाटे तो चमचा आणि पाकिटं घेऊन मैदानात उतरे. लाखो पायांनी तुडवलेल्या मातीत काहीतरी असणारच, हे त्याचं शास्त्र. हे एडिंबरोला शिकवतात की इथे आल्यावर सुचलं, असं बकुळाबाईंनी एकदा विचारून पाहिलं. फिरायला येणारे पेन्शनर त्याला वाकलेला बघून काय हरवलं विचारत, आणि उत्तराची वाट न बघता शोधायलाही लागत.

तर अशा एका पाकिटातून खडूच्या भुकटीसारखा पांढरा, पहिल्या नांगरटीचा वास येणारा एक जीव निघाला. रामदासने तो पोषक रश्शात घालून आपल्या जर्मन फ्लास्कांत वाढवला, रस्सा गाळला, आणि नायट्याची बुरशी पसरलेल्या बशीत त्याचे थेंब ठेवले. थेंबांभोवती स्वच्छ कडं पडलं. त्या कड्यात बुरशी उगवेना. अशा वेळी खात्री करायला जीव न घातलेला नुसता रस्साही शेजारी ठेवायचा असतो. तो त्याने ठेवला होता, आणि त्याच्याभोवती कडं नव्हतं. म्हणजे जे काही बुरशीला मारतंय ते त्या जीवातूनच येतंय. हे सगळं त्याने जेवणाच्या टेबलावर ताट, वाटी आणि काकडीची कोशिंबीर घेऊन मावशीला समजावलं. त्यांना पटलं. इतकं सरळ होतं की न पटायला काही जागाच नव्हती.

गोष्ट इथवर ठीक होती. बिघडली ती नावापाशी.

त्या वर्षी मार्चमध्ये निवडणुका झाल्या होत्या, समितीने मुंबईत काँग्रेसच्या नाकी नऊ आणले होते, पण राज्य अजून द्वैभाषिकच होतं, आणि मुंबई कोणाची हा प्रश्न दादरमध्ये चहाच्या प्रत्येक कपात साखरेच्या आधी पडत असे. बकुळाबाईंनी छप्पनच्या जानेवारीत आपल्या गॅलरीतून गोळी लागलेल्या एका पोराला चौघांनी उचलून नेताना पाहिलं होतं. त्याची एक चप्पल गल्लीत दोन दिवस पडून होती आणि कोणी तिला हात लावला नाही. तेव्हापासून त्या चळवळीला हसत नसत. पण चळवळ खिशात घालून फिरणाऱ्यांना हसायला त्यांना कोणाच्या परवानगीची गरज वाटत नव्हती. जवळच्या एका खानावळीने मिसळीचं नाव संयुक्त मिसळ ठेवलं होतं. मिसळीत फरक काही नव्हता.

डॉ. मानकरांचं म्हणणं, औषधाला बाँबेमायसिन म्हणावं. शेटजींनाही बरं वाटेल आणि परदेशातही कळेल. ही बातमी राजारामपंत सबनीसांच्या कानावर गेली. राजारामपंत म्हणजे निवृत्त हेडमास्तर आणि दादरच्या अभ्युदय मंडळाचे चिटणीस. बसतील तिथे व्यासपीठ करणारे गृहस्थ. ते त्याच संध्याकाळी घरी आले, काठी खुर्चीला टेकवली आणि रामदासला म्हणाले,

"डॉक्टर, ती पोरं काय बाँबेसाठी मेली?"

मेलेल्या पोरांना नायट्याच्या मलमापर्यंत आणल्यावर समोरच्याने बोलावं काय? मग राजारामपंतांनीच नाव सुचवलं: महाराष्ट्रिन. शिवाजी पार्कची माती, मराठी माणसाचा हात, दुसरं नाव शोभणारच नाही.

"आणि राज्य द्वैभाषिक आहे तोवर?" बकुळाबाईंनी चहा पुढे करत विचारलं. "अर्ध्या बाटलीवर गुजरातिन लिहायचं का?"

राजारामपंत हसले नाहीत. त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं. रामदास मात्र मावशीकडे अशा नजरेने बघत राहिला की जणू तिने देव्हाऱ्यात चप्पल नेली. त्या रात्रीपासून तो शब्द घरात राहायला आला. पंधरवड्यात एका मराठी पत्राच्या आतल्या पानावर बातमी आली, शिवाजी पार्कच्या मातीतून महाराष्ट्रिन. रामदासने तो अंक नऊ जणांना दाखवला आणि दर वेळी म्हणाला, छापायला नको होतं खरं तर.

भाद्रपदात गंमत झाली. कडी पडेनाशी झाली. तोच जीव, तोच रस्सा, त्याच बशा, तेच फ्लास्क. बुरशी मात्र थेंबाला न जुमानता मखमलीसारखी पसरत गेली. रामदासने जेवण सोडलं. डॉ. मानकर व्हरांड्यात भेटले की हवापाण्याच्या गोष्टी करत आणि उगाच हसत. राजारामपंतांना शंका यायला वेळ लागला नाही. त्यांच्या मते कोणीतरी मुद्दाम बशा बदलत होतं, आणि ते कोणीतरी कोणत्या भाषेचं आहे हेही त्यांना ठाऊक होतं. रामदासकडे शास्त्रीय कारण होतं. म्हणाला, असे जीव पिढ्यान्पिढ्या वाढवले की कधी कधी आपला गुण विसरतात.

"त्याला कोणी सांगितलं का, नाव काय ठेवलंय ते?" बकुळाबाई म्हणाल्या. "एवढं ओझं माणसाला झेपत नाही, तो तर मातीतला किडा."

"किडा नव्हे, मावशी."

"बरं, जो कोण असेल तो."

गणपती उलटले आणि कडी परत पडू लागली. पूर्वीसारखीच, स्वच्छ, गोल. रामदासने त्याचा संबंध हवेतल्या दमटपणाशी लावला आणि तसं टिपणही केलं. राजारामपंतांनी नवरात्रातल्या रविवारी मंडळाच्या सभागृहात सत्कार ठरवला. त्या आधी रामदासने शोधाचा निबंध इंग्रजीत लिहून विलायतेच्या मासिकाकडे पाठवायचा होता, आणि त्याचं इंग्रजी, नेहमीप्रमाणे, बकुळाबाई बघणार होत्या. नन्सच्या हाताखाली शिकलेल्या बकुळाबाईंना चुकीच्या जागी पडलेला ‘द’ भातातल्या खड्यासारखा लागे, आणि एडिंबरोची डिग्री असूनही रामदासच्या भातात खडे फार.

पितृपक्ष सरत आला असताना एका संध्याकाळी जाईबाई घरी आली. जाईबाई म्हणजे प्रयोगशाळेत बाटल्या धुणारी बाई. लालबागला चाळीत राहायची, नवरा गिरणीत, आणि भाद्रपदात गणपतीला ती मालवणकडे गावी जाऊन आली होती. येताना तिने बकुळाबाईंसाठी खाजा आणला होता. रामदास टेबलाशी चहा घेत बसला होता. बकुळाबाईंनी तिला पाट दिला, गावचं विचारलं, नवऱ्याची गिरणीतली पाळी विचारली. बोलता बोलता त्या म्हणाल्या, इतके दिवस तू नव्हतीस, तुझं काम कोणी केलं? जाईबाईचा चेहरा आंबट झाला. धोंडूने केलं, म्हणाली. धोंडू म्हणजे तिथला झाडूवाला. त्याने सायबांच्या नावाच्या बाटल्यांनाही सगळ्यांसारखा सोडा फासला.

"मग काय फासायचा?" बकुळाबाईंनी सहज विचारलं.

"सायबांच्या बाटल्यांक सोडो?" जाईबाईने पदर सावरला. "छ्या. तेंका रिठो लागता. देवाच्या भांड्यांक घालतंव ना, तसो. रातभर रिठ्याच्या पाण्यात ठेवच्यो, सकाळी एकदाच पाणी दावचा. जास्त धुतल्यावर चमक जाता."

तिने कनवटीची पुरचुंडी काढून दाखवली. गावच्या झाडाचे रिठे होते, नवे.

रामदासने कप बशीत ठेवला. तो बशीत न बसता कडेवर बसला आणि चहा टेबलावर सांडला. जाईबाईला वाटलं, सायबांना गहिवरून आलं. ती मोठ्या समाधानाने उठली.

ती गेल्यावर बकुळाबाईंनी एकच विचारलं: नुसता रस्सा ठेवला होतास, तो कोणत्या बाटल्यांत? रामदास सांडलेला चहा पुसायला लागला. मग म्हणाला, संस्थेच्या. जर्मन फ्लास्क मोजके. त्यात जीव नसलेला नुसता रस्सा काय म्हणून ठेवायचा? ते त्याने खऱ्या कामासाठी राखले होते. म्हणजे एकीकडे रिठ्याने धुतलेली त्याची काच आणि दुसरीकडे सोड्याने धुतलेली संस्थेची काच. जीव बिचारा निर्दोष होता. जाईबाईने साहेबाच्या नावापुढे हात जोडले ते एक वेळ समजण्यासारखं. साहेबाने स्वतःच्याच नावापुढे जोडले होते.

त्याने दोन-चार दिवसांत पडताळून पाहिलं, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. एक फ्लास्क सोड्याने धुतला, कडं नाही. साध्या पाण्यात रिठा कालवून थेंब ठेवला, लख्ख कडं. घरी येऊन त्याने हे मावशीला सांगितलं आणि मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. बकुळाबाईंना त्या रात्री त्याच्याविषयी, पुष्कळ वर्षांनी, थोडा आदर वाटला. माणसाने चूक केली, चूक शोधली, कबूल केली. विज्ञान म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? आता फक्त ती चारचौघांत सांगायची. ज्या तोंडाने महाराष्ट्रिन म्हटलं त्याच तोंडाने रिठा म्हणायचं. दोन अक्षरांचं काम.

त्यांचा आदर रविवारपर्यंत टिकला.

रविवारी दुपारी रामदास आरशासमोर उभा राहून टोपी घालून बघत होता. एरवी तो बोडका फिरे. बकुळाबाईंनी विचारलं, आज सांगणार ना? त्याने टोपी काढली, परत घातली. मग म्हणाला की नीट विचार केला तर गोष्ट इतकी सोपी नाही.

"सांगितलं तर जाईबाईची नोकरी जाईल, मावशी. गरीब बाई आहे."

"तिचं नाव घ्यायला कोण सांगतंय? तुझ्या फ्लास्कांचं नाव घे. नुसत्या रश्शाला दुसऱ्या बाटल्या लावल्या, माझी चूक झाली, एवढं म्हण आणि खाली बस."

"लोक काय म्हणतील?"

"हां," बकुळाबाई म्हणाल्या. "आता खरं बोललास. मघाशी उगाच त्या बाईचा पदर ओढून मागे लपत होतास."

सभागृह भरलं होतं. भिंतीला झेंडूची तोरणं, व्यासपीठावर टेबल, टेबलावर शाल-श्रीफळ, आणि मधोमध एक जर्मन फ्लास्क, त्यात पिवळसर काहीतरी. ते काय आहे हे राजारामपंतांनाही माहीत नव्हतं, पण शोभत होतं. आधी पोवाडा झाला, मग राजारामपंत. त्यांनी सह्याद्रीपासून सुरुवात केली आणि नायट्यापर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागला. बकुळाबाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. मग रामदास उभा राहिला. घसा खाकरला. त्याची नजर एकदाच मावशीकडे आली आणि लगेच तोरणाकडे गेली.

"मला सांगायला खेद वाटतो," तो म्हणाला, "की काही अडचणींमुळे हे संशोधन तूर्त थांबवावं लागत आहे. त्या अडचणी कोणत्या, हे इथे सांगणं मला योग्य वाटत नाही."

एवढंच. शब्द न् शब्द खरा होता, आणि एवढं धडधडीत खोटं बकुळाबाईंनी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

सभागृहात कुजबुज उठली. बकुळाबाईंच्या मागच्या रांगेतला माणूस शेजाऱ्याला म्हणाला, दाबलं रे दाबलं. शेजारी म्हणाला, शेटजीने. राजारामपंतांनी रामदासच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला केलं आणि म्हणाले, प्रयोगशाळा कोणाच्या पैशांवर चालते हे आम्हांला ठाऊक नाही असं कोणी समजू नये. मग काय विचारता. टाळ्या, घोषणा, मागे उभी असलेली पोरं बाकांवर चढलेली. कोणी म्हणालं डॉक्टरांवर दबाव आहे, कोणी म्हणालं धमकी आली. शेटजी बिचारे तेव्हा हवापालटाला माथेरानला होते आणि आपल्या प्रयोगशाळेत नायट्यावर काही चाललंय याचा त्यांना पत्ताही नव्हता. आणि या सगळ्याच्या मध्ये रामदास हात जोडून, मान खाली घालून उभा होता. पाहणाऱ्याला वाटावं, सोसतोय. त्याच्या गळ्यात हार पडला तेव्हा त्याने मान आणखी थोडी खाली घातली, हार नीट बसावा म्हणून.

घरी येताना तो मावशीला म्हणाला, मी तर काहीच खोटं बोललो नाही. त्या म्हणाल्या, नाही ना. बोलायला धैर्य लागतं, मग ते खोटं का असेना.

पुढचं सगळं दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत झालं. पत्रांत ओरड झाली, ती डॉ. मानकरांपर्यंत पोचली. त्यांनी रामदासला बोलावून खुलासा मागितला. तिथे मात्र बंद दाराआड रामदासला रिठा बरोबर आठवला. धुणाऱ्या बाईच्या अज्ञानामुळे उपकरणं दूषित झाली, असं त्याने सांगितलं. फ्लास्क कोणाचे, नुसता रस्सा कशात, हे विचारायचं मानकरांना सुचलं नाही. तेही विलायतेला जाऊन आलेले. जाईबाईला काच धुण्याच्या कामावरून काढून सशांच्या आणि गिनिपिगांच्या खोलीत घाण काढायला लावलं.

बकुळाबाईंना हे जाईबाईनेच येऊन सांगितलं. त्या दिवशी त्यांच्या मनात तिच्यासाठी कणव दाटली होती, पण ती ठेवायला जागाच मिळाली नाही. जाईबाई रडत नव्हती. छाती फुगवून सांगत होती. शेटजीने सायबाचं औषध दाबलं आणि सायबाचं माणूस म्हणून आपल्यालाही हलवलं, हे तिने चाळीत सगळ्यांना सांगून झालं होतं. नवऱ्याच्या खात्यातले लोक आता तिला बघून वाट सोडत.

"जाईबाई, नीट ऐक," बकुळाबाई म्हणाल्या. "औषध नव्हतंच. तो तुझा रिठा होता."

जाईबाई मनापासून हसली. "रिठ्यान काय व्हता? रिठो तर माझी आयसपण वापरी."

"तुला रामदासने हलवलंय, शेटजींनी नाही."

तिचं हसू मावळलं. घरच्याच माणसाविषयी असं बोलणाऱ्या म्हातारीची तिला दया आली असावी. पुढ्यातला चहा तिने संपवला नाही. राजारामपंतांनाही बकुळाबाईंनी बाजारात गाठून तेच सांगितलं होतं. त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकून घेतलं आणि म्हणाले, बाई, तुम्ही कॉन्व्हेंटच्या. तुम्हांला यातलं कळायचं नाही.

हौतात्म्य वाया जात नाही. रामदासने प्रयोगशाळेचा राजीनामा दिला, आणि मंडळातल्या कोणाच्या तरी ओळखीने त्याला एका कॉलेजात प्राध्यापकाची जागा चालून आली. तिथे फक्त एक अट होती, नावावर परदेशी मासिकातला निबंध हवा. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात त्याने टंकलेली पानं मावशीपुढे ठेवली. मातीतल्या या जीवात बुरशी मारण्याचा गुण आढळला. तो अस्थिर असल्याने पुढे नाहीसा झाला. कारण बहुधा हवेतला दमटपणा. आलेख होता. आभारात राजारामपंत होते.

बकुळाबाईंनी पेन्सिल हातात घेऊन शेवटपर्यंत वाचलं. एकही ‘द’ चुकला नव्हता. त्यांना आधी नवल वाटलं, मग वाटलं, बरोबर आहे. खरं सांगताना माणूस घाईत असतो, खोटं लिहिताना व्याकरण सांभाळतो.

"यात रिठा कुठे आहे?"

"मावशी, शास्त्रीय निबंधात असं घरगुती काही लिहीत नाहीत."

"हे वाचून उद्या कुठे तरी एखादा वेडा हाच जीव घेऊन दमटपणा मोजत बसेल. वर्षं घालवील."

"तू फक्त इंग्रजी बघ ना."

"इंग्रजी उत्तम आहे." त्यांनी पानं जुळवली आणि पेन्सिल ठेवून दिली. "म्हणूनच सांगते. दिवाळी झाली की राहायला दुसरी जागा बघ."

त्याला आधी थट्टा वाटली. मग त्याने बराच वाद घातला: आईच्या जागी मानलं, एवढ्याशा गोष्टीवरून, जग कसं चालतं. बकुळाबाई मटार सोलत होत्या, त्या सोलत राहिल्या. त्यांना वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण नायट्याचं असं असतं, की खाजवून बरं वाटतं आणि तो पसरतो.

जागा मिळायला त्याला अडचण पडली नाही. अन्याय झालेल्या शास्त्रज्ञाला ठेवून घ्यायला हिंदू कॉलनीत दोन घरं तयार होती. निबंधही पुढे मासिकाने घेतला. जायच्या दिवशी त्याने प्रयोगशाळेतून परत आणलेली फ्लास्कांची पेटी उघडली आणि काच गुंडाळायला एखादं जुनं पातळ आहे का विचारलं. त्यांनी काढून दिलं. त्याने प्रत्येक फ्लास्क आधी उजेडाकडे धरून पाहिला, बुडाची अक्षरं अंगठ्याने पुसली, आणि मग तान्ह्या पोरासारखा गुंडाळला. टांगेवाल्याला तीनदा बजावलं, हळू ने. मावशीच्या पाया पडायचं त्याच्या मनात होतं की नाही कोण जाणे. दोन्ही हात पेटीत गुंतले होते.

त्या संध्याकाळी बकुळाबाईंनी लिहिलं: मागच्या खोलीतल्या पलंगाला ढेकूण. सांध्यांना रॉकेल लावलं.